घरबसल्या भविष्यकथनाची नोकरी : खरी कोणती, फसवी कोणती?

शिक्षण पूर्ण झाले आहे, घरात एक मोबाईल आहे, परंतु हाताला काम नाही, अशी परिस्थिती आज ग्रामीण आणि निमशहरी भागांतील अनेक घरांत आढळते. अशाच एखाद्या घरी एके दिवशी संदेश येतो : "घरबसल्या ज्योतिष व टॅरो सल्लागार व्हा. अनुभवाची अट नाही. प्रशिक्षण आम्ही देऊ. दरमहा भरघोस उत्पन्न." संदेश वाचणारा तरुण किंवा तरुणी प्रथम घरच्यांना विचारते आणि त्यानंतर गावातील जाणत्या माणसाकडे, म्हणजे शाळेतील गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे जाते. प्रश्न एकच असतो : "ही नोकरी खरी आहे का?"

या प्रश्नाला "असल्या भानगडीत पडू नकोस" एवढे उत्तर पुरेसे नाही. भविष्यकथनाचे दूरध्वनीवरून आणि मोबाईलवरील ॲपमधून चालणारे व्यवसाय प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत आणि त्यांत माणसे काम करून मोबदलाही मिळवितात. त्याच वेळी या व्यवसायाचे केवळ नाव घेऊन नोकरीइच्छुकांना लुबाडणाऱ्या टोळ्याही आहेत. तेव्हा निवाडा करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. नोकरी देणारा खरा आहे काय, हा पहिला. नोकरी खरी असली तरी तीत करावयाचे काम प्रामाणिक आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात अर्जदाराचा पैसा पणाला लागलेला असतो. दुसऱ्या प्रश्नात तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या अनोळखी माणसाचा.

व्यवसाय चालतो कसा?

या व्यवसायाचे गणित मिनिटांवर बसविलेले असते. सल्ला मागणारा ग्राहक ॲपमध्ये आगाऊ रक्कम भरतो. बोलणे सुरू झाले की ती रक्कम मिनिटागणिक कमी होत जाते. तिचा काही भाग कंपनी स्वतःकडे ठेवते व उरलेला सल्लागाराच्या नावे जमा करते. सल्लागाराला बहुधा पगार नसतो. करारात त्याला नोकर न म्हणता स्वतंत्र व्यावसायिक म्हटलेले असते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा वा किमान उत्पन्नाची हमी यांपैकी काहीही त्याच्या वाट्यास सहसा येत नाही.

एक हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. ग्राहकाकडून मिनिटाला २० रुपये घेतले जातात आणि त्यांतील ४० टक्के, म्हणजे ८ रुपये, सल्लागारास मिळतात, असे समजू. जाहिरातीत याचे रूपांतर "तासाला ४८० रुपये" असे होते. प्रत्यक्षात सल्लागार सहा तास ॲपवर उपस्थित राहतो आणि त्यांपैकी बोलणे होते ३० मिनिटे. त्या दिवशीची कमाई होते २४० रुपये, म्हणजे तासाला ४० रुपये. वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचे मोल कोणी देत नाही. जाहिरातीतील आकडा खोटा नसतो, पण तो अपुरा असतो. म्हणून "मिनिटाला किती?" या प्रश्नापेक्षा "रोज सरासरी किती मिनिटे बोलणे होते आणि त्याचा पुरावा काय?" हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील एक धडा

हा व्यवसाय मोठ्या प्रमाणावर प्रथम फोफावला तो अमेरिकेत, दूरचित्रवाणीच्या जाहिरातींच्या बळावर. तेथील एका गाजलेल्या प्रकरणातून त्याची अंतर्गत रचना उघड झाली. 'सायकिक रीडर्स नेटवर्क' आणि तिच्याशी संलग्न असलेली 'ॲक्सेस रिसोर्स सर्व्हिसेस' या फ्लॉरिडा राज्यातील कंपन्या 'मिस क्लिओ' या नावाच्या स्त्रीला पुढे करून "मोफत भविष्य जाणून घ्या" अशा जाहिराती करीत. फोन लावल्यावर मात्र मिनिटाला ४.९९ डॉलर आकारले जात. फेब्रुवारी २००२ मध्ये तेथील व्यापारविषयक नियामक संस्थेने, फेडरल ट्रेड कमिशनने, या कंपन्यांविरुद्ध न्यायालयात फसवणुकीची तक्रार दाखल केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तडजोड होऊन कंपन्यांना ग्राहकांकडील सुमारे ५० कोटी डॉलरच्या थकीत देयकांवर पाणी सोडावे लागले आणि ५० लाख डॉलर भरावे लागले.

नोकरी शोधणाऱ्यांसाठी या प्रकरणातील बोधाचा भाग वेगळाच आहे. जाहिरातीत दिसणारी स्त्री फोनवर नसे. फोन घेत ती कंपनीने मिनिटांच्या हिशेबाने कामास लावलेली सामान्य माणसे. आपल्यापुढे लिहून दिलेली संहिता असे आणि ग्राहकाला शक्य तितका वेळ बोलत ठेवणे हेच आपले काम असे, अशी हकिकत त्यांतील काहींनी पुढे सांगितली. म्हणजे कंपनी खरी होती, काम खरे होते, मोबदलाही मिळत होता. तरीही त्या मोबदल्याचा उगम फसवणुकीच्या आरोपात सापडलेल्या धंद्यात होता. नोकरी खरी असणे आणि ती स्वीकारण्याजोगी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

पहिली कसोटी : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो?

सर्वांत सोपी व सर्वांत भरवशाची कसोटी ही आहे. नोकरीत पैसा मालकाकडून कामगाराकडे जातो. तो उलट दिशेने जाऊ लागला की नोकरीचा आव संपला असे समजावे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, ओळखपत्राचा खर्च, परत मिळणारी अनामत, "आपले नाव ॲपमध्ये वरच्या क्रमांकावर दाखविण्यासाठी" भरावयाची रक्कम, अशी तिला अनेक नावे असतात. रक्कम सुरुवातीस मुद्दाम लहान ठेवलेली असते. पाचशे रुपयांसाठी कोणी पोलिसांत जाणार नाही, हा हिशेब त्यामागे असतो. एकदा ती भरली की दुसरी मागणी येते, आणि आधीची रक्कम बुडू नये म्हणून दुसरीही भरली जाते.

याच प्रकाराचा एक कावेबाज अवतार असा : प्रथम काही सोपी कामे देऊन शंभर-दोनशे रुपये खरोखरच खात्यात जमा केले जातात. विश्वास बसला की "अधिक मोबदल्याच्या कामासाठी" मोठी रक्कम आगाऊ भरण्यास सांगितले जाते. पडद्यावर कमाईचा आकडा फुगत जातो, मात्र तो काढून घ्यावयाचा म्हटले की कर, दंड किंवा पडताळणी शुल्क यांची मागणी पुढे येते. पडद्यावरील आकडा म्हणजे पैसा नव्हे. पैसे मिळविण्यासाठी पैसे भरावयाचे नसतात, त्याचप्रमाणे यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी गुप्त पिन टाकावा लागत नाही. एवढ्या दोन गोष्टी पाठ असल्या तरी मोठी हानी टळेल.

निवड कशी झाली तेही पाहावे. खरी कंपनी उमेदवाराची मुलाखत घेते आणि नमुन्यादाखल एखादे भविष्यकथन करावयास लावते. त्यासाठी शुल्क घेत नाही. काहीही न विचारता पाच मिनिटांत "आपली निवड झाली" असे कळविणाऱ्याला सल्लागार नको असतो, सावज हवे असते.

दुसरी कसोटी : कंपनीची ओळख

व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवरील क्रमांक म्हणजे पत्ता नव्हे. कंपनीचे नोंदणीकृत नाव, कार्यालयाचा पूर्ण पत्ता व नोंदणी क्रमांक मागावा. भारतात नोंदलेल्या कंपनीला २१ अक्षरांकांचा सीआयएन क्रमांक असतो आणि केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची पडताळणी करता येते. जीएसटी क्रमांक १५ स्थानांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात (महाराष्ट्रासाठी २७) आणि पुढील दहा स्थाने त्या व्यवसायाच्या पॅनची असतात. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यास व्यवसायाचे नाव व नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे कोणासही विनामूल्य पाहता येते. एकट्या मालकाच्या व्यवसायास सीआयएन नसतो. तेथे इतर पुरावे अधिक काटेकोरपणे पाहावेत.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. नोंदणी ही अस्तित्वाचा पुरावा आहे, प्रामाणिकपणाचा नव्हे. दुसरे असे की, फसविणारे पुष्कळदा एखाद्या नामवंत कंपनीचे नाव व बोधचिन्ह उचलतात. म्हणून संदेशातील दुव्यावरून चौकशी न करता त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन, तेथे दिलेल्या संपर्कावर "ही भरती आपलीच आहे काय?" असे विचारावे.

तिसरी कसोटी : कराराचा कागद

तोंडी आश्वासनाला हिशेबात स्थान नाही. मिनिटाचा दर, कंपनीचा वाटा, मोबदला जमा होण्याचा दिवस, तो काढून घेण्यासाठी लागणारी किमान रक्कम, ग्राहकाने तक्रार केल्यास होणारी कपात आणि काम सोडण्याची अट, या सहा बाबी कागदावर असाव्यात. "ठरावीक मिनिटे पूर्ण न केल्यास दंड" असे कलम असल्यास स्वाक्षरी करू नये.

अशा दंडाच्या कलमाचा गैरवापर पुढीलप्रमाणे होतो. काही दिवसांनी वकिलाच्या नावाने नोटीस येते : "करारभंग झाला आहे, अमुक रक्कम भरा, अन्यथा अटक होईल." खाजगी करारातील अट मोडणे हा सामान्यतः दिवाणी स्वरूपाचा वाद असतो. त्यासाठी फोनवरून अटक होत नाही. व्हिडिओ कॉलवर केली जाणारी तथाकथित 'डिजिटल अटक' भारतीय कायद्यात अस्तित्वातच नाही. अशी नोटीस आल्यास पैसे न भरता ती जपून ठेवावी व पोलिसांना दाखवावी. तो तक्रारदाराचा पुरावा होतो.

चौथी कसोटी : बँक खाते कोणासाठी?

काही जाहिरातींत सल्लागाराच्या कामाबरोबर एक जोडकाम सुचविले जाते : "ग्राहकांची दक्षिणा तुमच्या खात्यात येईल. आपले कमिशन ठेवून उरलेली रक्कम आम्ही सांगू त्या खात्यावर पाठवा." ही नोकरी नसून दुसऱ्याच्या गुन्ह्याला दिलेले आपले खाते होय. येणारा पैसा बहुधा अन्य कोणाची तरी फसवणूक करून मिळविलेला असतो. तपास सुरू झाला की बँक पहिले खाते गोठविते ते या तरुणाचे आणि पोलीस पहिला दरवाजा ठोठावतात तो त्याच्याच घराचा. सूत्रधाराचे नावही त्याला ठाऊक नसते. म्हणून आपले खाते, एटीएम कार्ड, मोबाईलचे सिम वा ओटीपी कोणाच्याही हाती देऊ नये. खऱ्या कंपनीला मोबदला जमा करण्यासाठी खाते क्रमांक व पॅन लागतो. पासवर्ड, पिन किंवा ओटीपी कधीही लागत नाही.

पाचवी कसोटी : नेमके काय बोलावयास सांगतात?

पहिल्या चारही कसोट्या उतरल्या तरी ही पाचवी उरते आणि तिचा विचार सर्वांत कमी होतो. येथे कोणाच्या श्रद्धेचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दिलेल्या आश्वासनाचा आणि घेतलेल्या पैशाचा.

"अनुभवाची अट नाही" असे म्हणणाऱ्या कंपनीचे प्रशिक्षण कशाचे असते? बहुतांशी ते सर्वांना लागू पडतील अशा वाक्यांचे असते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे 'स्वतंत्र' स्वभाववर्णन लिहून दिले आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ आली. वस्तुतः सर्वांना दिलेला मजकूर एकच होता. "तुम्ही इतरांसाठी खूप करता, पण त्याची कदर होत नाही" या धर्तीचे वाक्य ऐकून ग्राहक स्वतःच आपली कहाणी सांगू लागतो. ती कहाणी थोड्या वेळाने त्याला परत सांगितली की तो चकित होतो.

महाराष्ट्रातही या विषयाची शास्त्रीय चाचणी झाली आहे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळेतील १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मपत्रिका जमविल्या. सहभागी ज्योतिषांस प्रत्येकी ४० पत्रिका पाठवून मूल कोणत्या गटातील, एवढेच ओळखण्यास सांगितले. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी सुमारे ५० टक्के बरोबर आली असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेव्हा खात्रीलायक भाकिताचे आश्वासन देण्यास सांगणारी कंपनी सल्लागाराच्या तोंडून असा माल विकवीत असते, ज्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

कायद्याची भूमिकाही समजून घेतली पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर राज्य शासनाने प्रथम अध्यादेश काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. जादूटोणाविरोधी कायदा म्हणून परिचित असलेल्या या कायद्याने ज्योतिषाचा सल्ला हा गुन्हा ठरविलेला नाही. परंतु तथाकथित चमत्कार करून पैसे उकळणे, भूत वा करणीची भीती घालणे, अलौकिक शक्ती अंगी असल्याचे भासवून लोकांना फसविणे किंवा त्यांच्यावर दहशत बसविणे अशी कृत्ये त्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांसाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि अशा कृत्यास साहाय्य करणाराही तीतून सुटत नाही. मंत्र, ताईत वा कवच यांनी ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करण्यास केंद्राच्या १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्यान्वये मनाई आहे. "मी कंपनीने दिलेले वाक्य वाचले" हा बचाव फारसा उपयोगी पडणार नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा मजकूर हाती येताच तो या दृष्टीने वाचावा. ग्राहकाला भीती घालून शांतीसाठी, खड्यासाठी वा पूजेसाठी पैसे मागावयास सांगितले आहे काय? औषधोपचार थांबविण्याचा सल्ला आहे काय? बोलणे लांबविण्याच्या युक्त्या शिकविल्या आहेत काय? यांपैकी एकाचेही उत्तर "होय" असेल, तर ती नोकरी कायद्याने टिकली तरी विवेकाच्या कसोटीवर टिकत नाही. अशा सेवेला रात्री अकरा वाजता फोन करणारा माणूस पुष्कळदा कर्जाने, आजाराने किंवा घरच्या दुःखाने खचलेला असतो. जीव नकोसा झाल्याची भाषा तो करू लागला, तर त्याला खड्याची नव्हे, उपचाराची गरज असते. त्यासाठी शासनाची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. प्रत्येक मिनिटाला कमाई होत असताना हा क्रमांक देऊन फोन ठेवण्याची मुभा कंपनी देते काय, हा तिच्या सचोटीचा खरा कस होय.

फसवणूक झाल्यास

पैसे गेल्याचे लक्षात येताच तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वेगाने फिरविला जातो. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेतच गोठविली जाण्याची शक्यता अधिक. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि आपल्या बँकेसही कळवावे. संदेश, व्यवहार क्रमांक व ध्वनिमुद्रण पुसून टाकू नये. भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमानुसार फसवणूक हा गुन्हा आहे, तर संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीस माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड लागू होते. ग्राहक म्हणून फसलेल्यांना राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ वर दाद मागता येते.

गावाची जबाबदारी

फसलेला माणूस बहुधा गप्प बसतो. "शिकलेला असून फसला" या टोमण्याची त्याला पैसे गेल्याहून अधिक धास्ती असते, आणि त्याच्या मौनावरच पुढची फसवणूक पोसली जाते. ग्रामसभेत, पालकसभेत किंवा बचतगटाच्या बैठकीत या पाच कसोट्या दहा मिनिटांत समजावून सांगता येतील. शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर १९३० हा क्रमांक कायमचा लिहून ठेवता येईल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फसून आलेल्या तरुणाला उपदेशाआधी पोलीस ठाण्यापर्यंत सोबत मिळाली पाहिजे.

घरबसल्या काम मिळावे ही इच्छा रास्त आहे, आणि ती बाळगणाऱ्यांची थट्टा होता कामा नये. त्यांना हवी असते ती निवडीची दृष्टी. काम देणारा पैसे मागत असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नये. काम देणारा पैसे देत असेल, तर ते कोणाच्या खिशातून व काय सांगून आले, हे विचारावे. हे दोन प्रश्न विचारण्याची सवय गावात रुजली, तर नोकरीच्या नावाखाली चालणाऱ्या लुबाडणुकीस पुष्कळ अंशी पायबंद बसेल.